बाई, माझं मत कुठं गेलं?

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवता शिकवता सात लोकसभा निवडणुकांत मी मतदारांच्या बोटाला शाई लावली, १९९१ पासून २०१९ पर्यंत. (१९९८ ची बाळंतपणात गेली.) त्या ओळीचा परिणाम असा की संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच माझ्याकडे पाठवून दिला. एरवी या पानावर पेन्शन, सातबारा, शाळाप्रवेश असले प्रश्न येतात. या वेळी एकूण एक पत्र २०२४ च्या लोकसभेतल्या मताचं.

कुणाला मत दिलं, हे बऱ्याच जणांनी न विचारता लिहिलंय. ते वाचलं आणि घडी घालून ठेवलं. ‘बाई, तुम्ही कुणाला दिलंत?’ असंही काहींनी विचारलंय. ते मी घरातसुद्धा सांगितलेलं नाही. पत्रं लांबलचक आहेत, म्हणून प्रश्न आटोपशीर करून देते.

२० मेला पावणेतीन तास उन्हात रांगेत उभी राहिले. आत गेल्यावर कळलं, यादीत नावच नाही. नवऱ्याचं आहे, मुलाचं आहे, पत्ता बावीस वर्षं तोच. ओळखपत्र दाखवलं, आधार दाखवलं. ‘चॅलेंज व्होट’ मागितलं तर हसले. मला न विचारता माझं नाव कापलं कसं? – एक गृहिणी, मुंबई उपनगर

ताई, हसले ते चुकलंच. दिवसभर तेच तेच ऐकून माणूस हसतो, पण समोरचा पावणेतीन तास उभा राहून आलेला असतो.

पण त्या ‘चॅलेंज व्होट’चा मेसेज ज्यानं तुम्हाला पाठवला, त्याला आधी धरा. ‘यादीत नाव नसेल तर आधार दाखवा, कलम ४९ अ सांगा, मत देता येतं’ हा मेसेज दर निवडणुकीत फिरतो आणि दर वेळी खोटाच असतो. चॅलेंज व्होट म्हणजे आक्षेपित मत, ती भानगड निराळी. समोर आलेला मतदार तोतया आहे असा उमेदवाराच्या प्रतिनिधीला संशय आला, तर तो दोन रुपये भरून हरकत घेतो आणि केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतात. मुळात यादीत नाव नसलं, तर केंद्राध्यक्षांचे हात बांधलेले. ओळखपत्रानं तुम्ही कोण ते कळतं, मत देता येतं ते यादीतल्या नावावर. ओळखपत्र घरी राहिलं तरी आधार, पॅन, पारपत्र, फोटोचं बँक पासबुक असे पर्याय चालतात. नावाला पर्याय नाही.

आता नाव गेलं कसं? कुणी तरी नमुना ७ भरून हरकत घेतली असेल, दुबार नाव समजून एक काढलं असेल, नाही तर ‘स्थलांतरित’ असा शेरा पडला असेल. यातलं तिसरं मी स्वतः केलेलं आहे, म्हणून सांगते. तीन वर्षं मी बीएलओ होते, म्हणजे घरोघर जाऊन मतदारयादी तपासणारी. दुपारी शाळा सुटल्यावर यादी घेऊन जिने चढायचे. एका दाराला दोनदा कुलूप दिसलं. शेजारीण म्हणाली, ‘त्या गावाला असतात.’ मी पेन्सिलीनं खूण केली. ‘गावाला गेल्यात’ आणि ‘गावाला असतात’ यात केवढं अंतर आहे, मराठी शिकवणाऱ्या बाईला ते कळायला हवं होतं. सुदैवानं ती बाई नंतर बाजारात भेटली आणि पेन्सिल खोडता आली.

राहायला नाही असं म्हणून नाव वगळायचं तर आधी मतदाराला म्हणणं मांडायची संधी द्यावी, असं १९५० च्या कायद्यात कलम २२ मध्ये लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात नोटीस सोसायटीच्या पेटीत लाइटबिलाखाली पडून राहते. तुमचं नाव कोणत्या कारणानं वगळलं, हे मतदार नोंदणी अधिकाऱ्याला लेखी विचारा. पण ते उत्तर येईपर्यंत थांबू नका. नमुना ६ आजच भरा. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की नवं नाव घेता येत नाही आणि अर्जाच्या छाननीला त्याआधीचे दहाएक दिवस लागतात. १९५० या नंबरावर फोन करूनही यादीतलं नाव तपासता येतं.

माझे वडील ७४ वर्षांचे. मत देऊन आले आणि ‘तुतारीला दिलं’ म्हणून खुशीत होते. चित्र कसं होतं विचारलं तर म्हणाले, ‘नुसती तुतारी होती, माणूस नव्हता.’ तेव्हापासून गप्प आहेत. काही करता येईल का? – सातारा

दादा, बीप वाजला की संपलं. व्हीव्हीपॅटच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते, तिच्यावर अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असतं. पण ती वाचून ‘चुकलं, पुन्हा द्या’ म्हणता येत नाही. चिठ्ठीवर भलतंच नाव छापून आलं तर लेखी तक्रार करता येते, मग चाचणी मत घेतात आणि तक्रार खोटी ठरली तर शिक्षा आहे. वडिलांच्या बाबतीत यंत्रानं काही चुकवलेलं नाही. त्यांनी ज्यावर बोट ठेवलं तेच छापलं.

त्यांना सांगा, ते एकटे नाहीत. शरद पवारांच्या राष्ट्रवादीचं चिन्ह होतं ‘तुतारी वाजवणारा माणूस’. अपक्षांच्या मोकळ्या चिन्हांत एक ट्रम्पेट होतं, त्याचंही मराठी नाव तुतारी पडलं होतं. लोक त्याला पिपाणी म्हणतात तो भाग वेगळा. साताऱ्यात त्या पक्षाचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले आणि त्या मोकळ्या तुतारीच्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली. दिंडोरीत तर अशाच तुतारीच्या अपक्षाचं आडनावही भगरेच. पक्षाचे भास्कर भगरे निवडून आले ते आले, पण त्या दुसऱ्या भगऱ्यांना लाखाच्या वर मतं गेली. यातली चुकून किती आणि मनापासून किती, हे कुणालाच सांगता येणार नाही. मतपत्रिकेवर चूक लिहून येत नाही.

माझा अनुभव असा की, आपल्याकडची जुनी माणसं चिन्ह कानानं पाठ करतात. प्रचारात नाव ऐकलं, खरीखुरी तुतारी वाजलेली ऐकली, आत जाऊन ते नाव शोधलं. चित्र त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. २०१५ पासून यंत्रावर उमेदवाराचा फोटोही असतो, तोही टिकलीएवढा. त्यापेक्षा अनुक्रमांक पाठ करायला सांगा. केंद्राबाहेर उमेदवारांची यादी चिकटवलेली असते, तिच्यासमोर वडिलांना मिनिटभर उभं करा आणि बोटानं दाखवा. केंद्रात चष्मा घेऊन जायची आठवण करा. चष्मा घरी ठेवून आलेली किती तरी माणसं मी पाहिलीत. चष्म्याचं विचारलं तर ‘फोटो काढतात का आत?’ असं एका आजोबांनी मला विचारलं होतं.

मी पुण्यात बांधकामावर, मत बीड जिल्ह्यात. १३ मेला मतदानाला गावी गेलो तर ठेकेदारानं दोन खाडे धरले. – एक सेंट्रिंग कामगार

मतदानाच्या दिवसाचा खाडा धरता येत नाही, रोजंदारीवरच्या माणसाचासुद्धा. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ ब. त्या दिवशी भरपगारी सुट्टी. काम एका मतदारसंघात आणि मत दुसरीकडे असलं तरीही. प्रवासाच्या दुसऱ्या दिवसाबद्दल मात्र कायदा काही म्हणत नाही. आणि न देणाऱ्या मालकाला दंड किती? जास्तीत जास्त पाचशे रुपये. तुमच्या एका दिवसाच्या रोजाहून कमी! हे कलम ज्यांनी लिहिलं त्यांनी सेंट्रिंगचा रोज विचारलेला दिसत नाही. तरीही कामगार कार्यालयात लेखी द्या, चारपाच जण मिळून द्या. एकट्यानं दिलंत तर काम जाईल, हे मलाही कळतं.

वर्षातले आठ-दहा महिने पुण्यातच काढत असाल तर नाव इकडे आणायचा विचार करा, नमुना ८. माणूस जिथं सर्वसाधारणपणे राहतो तिथं नाव असावं, असा कायदा आहे. गावात घर आहे म्हणून तिथलं नाव टिकतं असं नाही. पण गावचं नाव काढायला माणसाचा हात धजत नाही, तेही पाहिलंय मी.

दुपारी दोनला गेलो तर माझ्या नावापुढे आधीच खूण. ‘तुमचं मत झालंय’ म्हणाले. बोट दाखवलं, शाई नाही. बराच वाद घातल्यावर एका कागदावर शिक्का मारायला दिला आणि तो पाकिटात घातला. ते माझं मत मोजलं का? – एक किराणा दुकानदार, छत्रपती संभाजीनगर

नाही.

आधी नियम सांगते. तुमच्या नावावर दुसरं कुणी मत देऊन गेलं असेल आणि तुम्ही तुमची ओळख पटवलीत, तर तुम्हाला यंत्रावर मत देता येत नाही. यंत्रावर जितकी मतं, तितकी रजिस्टरला नावं हा हिशेब जुळावा लागतो. तुम्हाला प्रदत्त मतपत्रिका मिळते. आमच्या बोलीत टेंडर व्होट. दर केंद्रावर अशा वीस मतपत्रिका दिलेल्या असतात. तुम्ही १७ ब या नमुन्यात सही करायची, कागदावर फुलीचा शिक्का मारायचा, घडी करून केंद्राध्यक्षांच्या हातात द्यायची. ते वेगळ्या पाकिटात सीलबंद होतं. मोजणीच्या टेबलावर ते पाकीट उघडत नाहीत. निकालावर खटला झाला आणि न्यायालयाला गरज वाटली तरच त्याला हवा लागते. म्हणजे तुम्ही दिलेलं मत आहे, पण ते कुणाच्याच खात्यात नाही. तरी ते मागून घेतलंत हे बरोबरच केलंत, कारण तुमचं मत चोरीला गेलं याची सरकारी दप्तरातली नोंद तेवढी एकच. एरवी तुम्ही त्या दिवशी आनंदानं मत देऊन गेलात, असंच ते रजिस्टर सांगत राहिलं असतं.

आता मी बाजू बदलून सांगते, कारण या टेबलाच्या पलीकडे मी बसलेली आहे.

२००९ ची लोकसभा. सोलापूर जिल्ह्यातलं एक गाव, शाळेची खोली. मी मतदान अधिकारी क्रमांक दोन. माझ्याकडे १७ अ रजिस्टर आणि शाईची कुपी. ती कलंडू नये म्हणून वाटीत वाळू भरून तिच्यात रोवून ठेवतात. क्रमांक एकनं यादीत नाव शोधून मोठ्यानं पुकारायचं, प्रतिनिधींनी ऐकायचं, मी बोट धरून रेघ ओढायची, सही किंवा अंगठा घ्यायचा, चिठ्ठी द्यायची. सकाळी साडेआठची वेळ. बायकांची रांग फाटकाबाहेर गेलेली. एक बाई आली, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. नाव पुकारलं, वय पुकारलं, बासष्ट. खिडकीखाली बसलेले तीन पक्षांचे तीन प्रतिनिधी पोहे खात होते. कुणी काही बोललं नाही. मी तिची तर्जनी धरली. नखाला लाल नेलपॉलिश होतं. ताजं. शाई त्याच्यावर नीट धरेना म्हणून मी कातडीवर जरा जास्त ओढली.

मला तेव्हाच खटकलं होतं. बासष्ट वर्षांची शेतमजूर बाई आणि लाल नख. वर बघून ‘पदर जरा मागं घ्या’ एवढंच म्हणायचं होतं. रांग बघितली आणि चिठ्ठी फाडून दिली.

तीनच्या सुमाराला खरी आली. हातात तीच मतदार चिठ्ठी, कारण चिठ्ठ्या वाटणाऱ्यांनी एक तिच्या घरी टाकली होती आणि एक कुणाच्या तरी घरी. क्रमांक एक म्हणाला, ‘मावशी, तुमचं झालंय की सकाळीच.’ ती भांडली नाही. डावा हात माझ्या टेबलावर ठेवला, बोट पुढं केलं आणि म्हणाली, ‘बघा की बाई. कोरं हाय.’

नख मधोमध चिरलेलं होतं, खुरप्यानं चिरतं तसं. कडांना माती बसून काळी झालेली, आणि शाईचा ठिपका नाही. प्रतिनिधींनी आता मात्र माना वर केल्या आणि एकमुखानं सांगितलं की हो, हीच ती, आमच्याच गल्लीतली. केंद्राध्यक्ष सज्जन होते, त्यांनी टेंडर व्होट दिलं. तिनं शिक्का मारला, घडी केली आणि यंत्राकडे निघाली. ‘तिकडं नाही मावशी, हे इकडं पाकिटात.’ ती जरा थांबली. मग माझ्याकडे बघून विचारलं, ‘पडलं न्हवं माझं मत?’

मी म्हटलं, ‘पडलं.’

पंधरा वर्षं झाली. केंद्राध्यक्षांनी डायरीत सगळं रीतसर लिहिलं, पाकीट सीलबंद झालं, आमचं काम नियमाला धरून होतं. लाल नखाचं मात्र कुठंच लिहिलेलं नाही. ते मी आज लिहितेय.

तेव्हा दादा, तुमच्या वेळी समोर बसलेल्यांना काही खटकलं होतं का, हे मला माहीत नाही. पुढच्या वेळी सकाळी सातला जा. जो आधी जातो त्याचं मत चोरायला कुणी उरत नाही. आणि तुमच्या भागातल्या पक्षवाल्यांना सांगा, प्रतिनिधी म्हणून असा माणूस बसवा जो गल्लीतली तोंडं ओळखतो आणि पोहे बाहेर जाऊन खातो. एका मतानं काय होतंय असं कुणी म्हटलंच तर या खेपेचा मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल सांगा. रवींद्र वायकर ४८ मतांनी आले. राजस्थानात २००८ च्या विधानसभेला नाथद्वाऱ्यात सी. पी. जोशी एका मतानं पडले होते.

लग्नानंतरचं माझं पहिलं मतदान. सासरे म्हणाले, कुणी कुणाला दिलं ते मशीनमध्ये कळतं. घाबरून त्यांनी सांगितलेलंच बटण दाबलं. खरंच कळतं का? – जळगाव जिल्हा

नाही गं. रजिस्टरमध्ये तुझं नाव आणि सही असते, बटण नसतं. यंत्रात उमेदवारांना पडलेली मतं असतात, नावं नसतात. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी कापून खालच्या पेटीत पडते, तिच्यावर तुझं काही नाही.

पण अर्धवट सांगून तुला फसवणार नाही. केंद्रवार निकाल जाहीर होतो, नमुना २० म्हणतात त्याला. म्हणजे तुमच्या शाळेतल्या खोलीत कुणाला किती पडली, ते सगळ्यांना कळतं. वस्ती लहान असली की गावातले पुढारी त्या आकड्यांवरून अंदाज बांधत बसतात. सासरे कदाचित तेच ऐकून आले असतील. आकडा कळतो, माणूस कळत नाही. पाचसातशे मतांत तुझं एक कुठलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, आणि तू सासऱ्यांना काय सांगायचं ते तुझ्या हातात आहे.

एकदा एक गृहस्थ बायकोच्या मागोमाग पुठ्ठ्याच्या आडोशाकडे निघाले. ‘तिला समजत नाही.’ मी म्हटलं, सोबती फक्त अंध किंवा अपंग मतदाराला मिळतो. त्या सोबत्याला लेखी जाहीर करावं लागतं आणि त्याच्या उजव्या तर्जनीला शाई लावतात. द्या उजवा हात. गृहस्थ हात मागं घेऊन दारात जाऊन उभे राहिले. बाई आत गेली. बीप लगेच वाजला. समजत नसलेल्या माणसाला इतक्या लवकर बटण सापडत नाही.

पहिलंच मत ‘नोटा’ला (वरीलपैकी कुणीही नाही) दिलं. मित्र म्हणतात, वाया घालवलंस. – अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नागपूर

मित्रांचं अर्धं खरं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर हे बटण आलं. ते मोजतात, जाहीर करतात, पण लोकसभेला त्याचा निकालावर परिणाम शून्य. इंदूरला या खेपेला काँग्रेसच्या उमेदवारानं अर्ज मागं घेतला, ‘नोटा’ला दोन लाखांवर मतं पडली आणि निवडून यायचा तो उमेदवार दणक्यात आलाच. आपल्या राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये स्थानिक संस्थांसाठी मात्र ठरवलं, की ‘नोटा’ सगळ्यांच्या वर गेला तर तिथं फेरनिवडणूक. म्हणजे तुझ्या रागाला नगरपालिकेत किंमत आहे, संसदेत नाही.

तरी वाया गेलं असं मी म्हणणार नाही. घरी झोपलेल्याचा राग मोजला जात नाही, तुझा निदान छापून आला. फक्त पत्रात तू लिहिलंयस की उमेदवारांची नावं आत गेल्यावर पहिल्यांदा वाचली. मग त्यांतलं कुणीच पसंत नाही, हे कसं ठरवलंस रे?

तीस वर्षं धनुष्यबाण. या वेळी समोर धनुष्यबाणही आणि मशालही. बटणापाशी उभा राहिलो तर बाहेरून आवाज, ‘काका, आटपा.’ आधीच्या वेळी दिलेलं माझं मत कोणाचं होतं, हेच कळेना. – निवृत्त एसटी कंडक्टर, ठाणे

तुमचं पत्र दोनदा वाचलं. याच्यावर उत्तर असं नाही, पण वस्तुस्थिती सांगते. निवडणूक आयोगानं १७ फेब्रुवारी २०२३ ला शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं, ठाकरे गटाकडे मशाल राहिली. विधानसभा अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ ला निकाल दिला, त्यात दोन्हीकडचे आमदार अपात्र ठरले नाहीत. राष्ट्रवादीच्या घड्याळाचंही असंच, ते ६ फेब्रुवारी २०२४ ला अजित पवार गटाला गेलं. पक्षांतराला चाप लावायला १९८५ मध्ये दहावी अनुसूची आली. तिच्यातली एक-तृतीयांश फुटीची पळवाट २००३ मध्ये बंद झाली, तरी राहिलेल्या फटीतून काय काय गेलं ते आपण बघितलंच. या सगळ्या कागदपत्रांत मतदार हा शब्द शोधून बघा. त्याला विचारायचा रकानाच नाही. दिलेलं मत परत मागायची सोय आपल्याकडे लोकसभेला नाही, विधानसभेलाही नाही.

तुम्ही उभे होतात तेव्हा टेबलावरच्या कंट्रोल युनिटवर लाल दिवा जळत असतो, ‘बिझी’ म्हणून. बटण दाबेपर्यंत तो जात नाही. इतकी वर्षं शेजारच्या टेबलावरचा तो दिवा बघून मला सवय झालीय, कोण ठरवून आलंय आणि कोण आत जाऊन ठरवतंय ते कळतं. पूर्वी बहुतेकांचा दोनचार सेकंदांत जायचा. या वेळी मी निवृत्त, नुसती मतदार. ७ मेला माझा दिवा किती वेळ लाल होता, ते तिथल्या पोरीला विचारा. घसा खाकरला तिनं.

आई ८३ वर्षांची, घरून मतदान मिळालं नाही. – सांगली

या वेळी अट ८५ वर्षांची होती, आधी ८० होती. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर वयाची अट नाही. नमुना १२ ड, अधिसूचनेपासून पाच दिवसांत. नाही तर केंद्रावर खुर्ची मागा, रांग लावू नका. वयस्कर माणसाला थेट आत घेतात.

माझ्या नखावर २० मेची शाई अजून आहे. पुढच्या निवडणुकीला ती दिसली तर परत पाठवतील का? – नवमतदार, नाशिक

किती गोड प्रश्न! नाही पाठवणार. शाई म्हैसूरहून येते, १९६२ पासून तिथंच होते. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. कातडीवरची काही दिवसांत जाते, नखावरची धुऊन जात नाही, ती नखाबरोबर पुढं सरकते. २००६ च्या आधी आम्ही नख आणि कातडीच्या सांध्यावर ठिपका द्यायचो. आता नखाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत उभी रेघ ओढतात. तोपर्यंत तुझ्या नखाच्या मुळाशी कोरी जागा आलेली असेल, शाई लावणाऱ्याला ती बरोबर दिसते. जुनी रेघ टोकाला, नवी मुळाशी. दोन निवडणुका पाठोपाठ आल्या आणि जुनी शाई अगदी ताजी असली, तर आयोग दुसऱ्या बोटाला लावायला सांगतो.

माझी ७ मेची रेघ आता अर्ध्यावर आलीय. परवा नखं कापताना नेलकटर तिथपर्यंत गेला नाही.